बळदातली दुनळी

आमच्या घरात आठ वर्षं दोन बंदुका होत्या. एक ओसरीवरच्या खुंटीला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारी. दुसरी स्वयंपाकघरामागच्या बळदात, ज्वारीच्या आडोशाला, गोधडीत गुंडाळलेली. या दुसरीची माहिती घरात फक्त मला होती. माझ्या मालकांनासुद्धा नव्हती.

बळद म्हणजे दोन भिंतींमधली अरुंद, अंधारी जागा. वरून ज्वारी ओतायची आणि लागेल तशी आत उतरून काढायची. उतरायचं काम बायकांचं. सुगी झाली की पोती रिकामी करण्यापुरते पुरुष तिथं यायचे, तेही वरच्या तोंडापर्यंत. सासूबाई मी आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी वारल्या होत्या. म्हणून बळद माझ्या एकटीच्या ताब्यात होतं.

वालूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. ओढ्याच्या दोन्ही अंगांना वावरं होती, त्यात ज्वारी आणि भुईमूग. ओढ्यात शिंदीचं दाट बन होतं आणि त्या बनात रानडुकरं. डुकरांचा कळप एकदा भुईमुगात शिरला की सकाळी नांगरल्यासारखी जमीन दिसायची. म्हणून गावात बंदुका होत्या. सगळ्या मिळून तीन. आमची एकनळी, सासऱ्यांच्या नावावरची, त्यांच्यामागं ह्यांच्या नावावर झालेली. एका म्हाताऱ्या बाबांची ठासणीची, नळीत दारू ठासून उडवायची. ती उडालेली मी कधी ऐकली नाही, पण दसऱ्याला तिला झेंडूचा हार मात्र चुकत नसे. आणि तिसरी आमच्या शेजारच्या मुसलमान शेतकऱ्याची दुनळी. हे त्यांना भाई म्हणत. त्यांच्या बायकोला मी आपा म्हणे. आमच्या दोघांच्या परसात कमरेएवढी मातीची भिंत होती आणि तिच्यावरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं जात.

भाई आणि हे बरोबर शिकारीला जात. बंदूक कुठल्या खुंटीवर, काडतुसं कुठल्या डब्यात, हे एकमेकांच्या घरातलं एकमेकांना ठाऊक होतं. रझाकारांच्या वर्षी, आजूबाजूच्या गावांतून बायका-पोरं वऱ्हाडाच्या बाजूला निघून गेली, तेव्हा टोळी येणार असली की भाई आदल्या दिवशी निरोप द्यायचे आणि आम्ही बायका उसाच्या फडात जाऊन बसायचो. त्यांच्यावर त्या लोकांचा किती दाब होता, त्यांनी काय कबूल केलं होतं, काय नव्हतं, हे मला माहीत नाही. गावात दोन्ही तऱ्हेचं बोललं जाई. मी पाहिलं तेवढं सांगते.

मग भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. विमानं वरून गेली. चारपाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं असं वालूरच्या बाजाराहून आलेल्या माणसानं सांगितलं. लोकांनी गूळ वाटला. पण आपाच्या घराचं दार त्या दिवसापासून बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परसात भांडी घासत होते. हे वावरात गेले होते. आपा भिंतीपाशी आली. तिच्या हातात गोधडीची लांब गुंडाळी होती, लहान लेकरू धरावं तशी दोन्ही हातांवर आडवी धरलेली.

"हे ठेव," ती म्हणाली.

"काय हाय?"

"तुला ठाऊक हाय काय हाय. ठेव. तुझ्या मालकाला सांगू नको. माझ्या मालकाला मी सांगितलं न्हाई."

मी हात पुढं केले नाहीत. तेव्हा ती रडायला लागली. "ह्या चीजेपायी त्यांचा जीव जाईल. मिलिटरीनं घरात बघितली तर उभ्या उभ्या नेतील. अन् न्हाई बघितली तर हे स्वतःच काही तरी करून बसतील. अमानत म्हणून ठेव. मी मागंन तवा दे."

मी घेतली. इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. बळदात उतरून मी ती कोपऱ्यात उभी केली आणि पुढं ज्वारी ओढली. वर आले तेव्हा हात कोपरापर्यंत कोंड्यानं भरले होते आणि मी ते पुन्हा पुन्हा धूत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई आमच्या दारात आले. हे ओसरीवर दावं वळत बसले होते, मी आतल्या चौकटीत उभी होते.

"भाऊ, माझी दुनळी जाग्यावर न्हाई," भाई म्हणाले.

"न्हाई म्हंजे? कुठं जाईल?"

"तेच इचारायला आलो. तिची जागा दोघांलाच ठावं. एक मी, एक तू."

ह्यांच्या हातातलं दावं तसंच राहिलं. "भाई, मी काल दिवसभर वावरात होतो. तुमच्या घरात मी पाऊल टाकलं न्हाई."

भाई ह्यांच्याकडं नुसते बघत राहिले. मी चौकटीत होते. तोंड उघडावं, असं मनात आलं. मग आपाचं रडणं आठवलं आणि मी गप्प राहिले. भाई वळले आणि गेले. त्याच दुपारी त्यांनी गाडी जुंपली. आपा, दोन मुली, दोन ट्रंका. स्टेशनवर जायचं आणि हैदराबादची गाडी धरायची असा बेत होता. जाताना आपानं माझ्याकडं पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी बातमी आली. वाटेत लोकांनी गाडी अडवली होती. भाई तिथंच गेले. आपा आणि मुलींना कुणी तरी स्टेशनापर्यंत पोचवलं. अडवणारे आसपासच्या गावचे होते म्हणे. त्यांच्यात आमच्या ओळखीचं कुणी होतं का, हे मी कुणाला विचारलं नाही, अन् कुणी आपण होऊन सांगितलंही नाही.

हे दोन दिवस जेवले नाहीत. मला सांगायचं होतं. पण आता काय सांगणार? ज्या माणसाला रस्त्यात मारलं त्याची बंदूक आपल्या बळदात आहे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ती त्याच्याजवळ असती तर तो वाचला असता का? का आणखी चार माणसं मेली असती आणि तोही मेला असता? आजही ज्वारी मापताना मधेच हा विचार येतो आणि माप चुकतं.

मिलिटरीच्या हुकमानं तेव्हा सगळ्यांनी हत्यारं तालुक्याला नेऊन दिली. ह्यांनीही एकनळी दिली. घरात आणखी काही आहे का, असं विचारलं तेव्हा नाही म्हणाले. ते खरंच बोलत होते. त्या दिवसांत कुणाच्या घरात दुसऱ्याची चीज सापडली की त्याचं नाव लुटालुटीत जायचं. मी भ्याले. दीड वर्षानं एकनळी परत मिळाली, नव्या कागदासकट. दुनळी तिथंच राहिली.

आठ वर्षं गेली. मला दोन मुली झाल्या. थोरली सात वर्षांची झाली तशी ती माझ्याऐवजी बळदात उतरायला लागली, कारण तिचं अंग बारीक. एकदा आतूनच ओरडली, "आई, गोधडीत काय हाय गं?" मी म्हणाले, "आज्जीचं जुनं मुसळ हाय. हात लावू नको, इंचू असतात." त्यानंतर मी तिला उतरू दिलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण कामाच्या घाईत मी कितीदा तरी तिलाच पाठवलं.

मग राज्य पुन्हा बदललं. हैदराबादचे तुकडे झाले आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कचेरीतला कागद मराठीत आला म्हणून लोक खूश होते. वर्ष उलटायच्या आत बंदुकीचा नवा कायदा आला. दवंडी झाली आणि तलाठ्यांनी चावडीवर वाचून दाखवलं. जुने परवाने, उर्दूतले असोत की मिलिटरीच्या वेळचे, आता चालणार नाहीत. नवा अर्ज करायचा. बंदूक खुंटीला टांगायची नाही. भिंतीत बसवलेल्या पेटीत, कुलपात ठेवायची. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. लहान मुलांचा हात पोचेल अशी जागा नको. आपली बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा. जमादार घरी येऊन जागा बघणार, मगच परवाना.

चावडीवर कुरकुर झाली. एक जण म्हणाला, "डुकरं आल्यावर आदी कुलूप उघडायचं, मग दुसरं कुलूप उघडायचं, तवर डुकरं ढेकर देऊन जात्याल." सगळे हसले. पण गावाची खरी अडचण शेवटच्या कलमाची होती. आमची एकनळी आजवर गावाचीच होती. ज्याच्या वावरात डुकरं येत तो येऊन खुंटीवरून काढून नेई आणि सकाळी परत टांगून जाई. ह्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता देणाराही गुन्हेगार आणि नेणाराही.

ठासणीवाले बाबा चावडीवरून उठताना म्हणाले, "माझी तर फुटकी हाय. तिचा काय अर्ज करायचा?" आणि घरी गेले.

अर्ज छापील होता. ह्यांची शाळा उर्दूतली, मराठी अक्षरं ओळखायचे पण भरभर वाचता येत नसे. मला मामांनी माहेरी शिकवलं होतं. म्हणून ओसरीवर बसून मी वाचत होते आणि हे मान हलवत होते. नाव, वय, धंदा, जमीन. शेवटी एक ओळ होती. मी ती वाचली. माझ्याच तोंडानं वाचली. "माझ्या घरात याखेरीज दुसरे कोणतेही हत्यार नाही असे मी शपथेवर लिहून देतो. हे खोटे ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन."

"बरोबर हाय," हे म्हणाले आणि त्यांनी उर्दूत सही ठोकली.

मी कागदाची घडी घातली. सांगायची वेळ तीच होती. पण मी आत जाऊन चुलीपुढं बसले.

पंधरा दिवसांनी जमादार जागा बघायला आले. वयस्कर, सभ्य माणूस. ओसरीवर चहा घेतला. सुतारानं केलेली पेटी बघितली, तिची कडी हलवून बघितली. मग म्हणाले, "पेटी चांगली हाय. पण ओसरीवर नको. हितं सगळं गाव येतं. अन् तुम्हाला दोन लेकरं हायेत. आत कुठं अंधारी जागा न्हाई का?"

"आत बळद हाय," हे म्हणाले.

"दाखवा बरं."

ते तिघं, म्हणजे हे, जमादार आणि त्यांच्याबरोबरचा शिपाई, स्वयंपाकघरात आले. मी पदर पुढं ओढून भिंतीला चिकटले. जमादारांनी वरच्या तोंडातून वाकून बघितलं. "वा. ह्याच्यापरीस जागा कोणती पायजे? त्या तिकडच्या कोपऱ्यात बसवा पेटी. ज्वारी थोडी अलीकडं सरकवा. पुढल्या आठवड्यात येतो, बसवलेली दिसली की मी लिहून देतो."

त्यांनी बोट दाखवलं तो तोच कोपरा होता.

ते गेल्यावर हे धोतराचा काचा मारून बळदात उतरायला निघाले. मी त्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी मी कधी त्यांचा हात धरला नव्हता, म्हणून ते थबकले.

"तिथं भाईंची दुनळी हाय," मी म्हणाले.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "कोणाची?"

"भाईंची. आपानं दिलती. ते गेले त्याच्या आदल्या दिशी."

ते चुलीजवळ खाली बसले. मला वाटलं, कायद्याचं म्हणतील, सहीचं म्हणतील. पण ते म्हणाले, "त्यो माझ्या दारात उभा राहून इचारत होता. अन् तू माझ्या मागं उभी होतीस."

"व्हय."

"मी न्हाई म्हणलो तवा तू ऐकत होतीस."

"व्हय."

"आठ वर्सं."

ते उठले आणि वावरात गेले. तीन दिवस ते घरात जेवायला यायचे, पोरींशी बोलायचे आणि जायचे. माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेताना नजर खाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवरून म्हणाले, "हिरीत टाकतो. जमादाराला काय ठावं?"

"त्या बाईची अमानत हाय ती," मी म्हणाले. "हिरीत टाकली तर मी तिला काय सांगू?"

"अन् मी सही केली तिचं?"

"ती तुमी माझ्या वाचण्यावर केली. मी ठाण्यात तसं सांगते. माझा गुन्हा हाय."

"तू ठाण्यात जाणार?" ते हसल्यासारखे झाले, पण ते हसणं नव्हतं. आमच्या घरातली बाई तोवर तालुक्याच्या बाजारालासुद्धा एकटी गेली नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच बैल जुंपले. "आण ती," म्हणाले. मी बळदात उतरून गुंडाळी काढली. गोधडी कुजून गेली होती, हात लावला की चिंध्या सुटत होत्या. मी माझं जुनं लुगडं गुंडाळलं. गाडीत कडब्यावर ती मधे ठेवली. ते पुढं आणि मी मागं.

फौजदार घाटावरचे होते. पुस्तकासारखं बोलत. त्यांनी मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. "बाई, ही वस्तू तुमच्याकडे कशी आली?"

मी सगळं सांगितलं. भिंत, गोधडी, बळद. सही कुणी वाचून करवली तेही सांगितलं.

"आणि आठ वर्षांत तुमच्या मालकांना हे कळले नाही?"

"न्हाई साहेब."

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. त्यांनी एका शिपायाला बंदूक उघडायला सांगितलं. तो पूर्वी फौजेत होता म्हणे. गंजानं ती उघडेना. त्यानं नळ्यांचं तोंड मैदानाकडच्या भिंतीकडं केलं, आम्हाला सगळ्यांना मागं सरायला सांगितलं, तेल सोडलं, हळूहळू जोर लावला. कट असा आवाज झाला आणि बंदूक मधून दुमडून उघडली. त्यानं आत बघितलं.

"साहेब, भरलेली आहे. दोन्ही नळ्या."

हिरवट पडलेली दोन काडतुसं त्यानं टेबलावर ठेवली. फौजदार खुर्चीतून उठले. मी तिथंच जमिनीवर बसले. माझ्या डोळ्यांपुढं थोरली बळदात उतरत होती. तिच्या पायाशी टोपलं होतं आणि ती त्या कोपऱ्यातली ज्वारी दोन्ही हातांनी ओढत होती. आठ वर्षं. कितीदा मी स्वतः त्या गुंडाळीवर टेकून उभी राहिले असेन.

"घरात मुले आहेत?" फौजदारांनी विचारलं.

"दोन," हे म्हणाले.

फौजदारांनी पुढं काही विचारलं नाही. जबाब लिहून घेतला, माझी सही घेतली. मराठीत सही बघून एकदा वर बघितलं. त्यांनी आम्हाला कोंडलं नाही. पण चौकशी पुरी होईपर्यंत आमची एकनळीही जमा करायला सांगितली. परवाना थांबला.

मग जे व्हायचं ते झालं. एका घरात निघाली म्हणजे दुसऱ्या घरातही असेल असं वरच्यांना वाटलं असावं. आसपासच्या गावांतल्या सगळ्या परवानेवाल्यांच्या घरांत झडती झाली. कुणाची वाडवडिलांची तलवार गेली, कुणाचा जंबिया. ठासणीवाल्या बाबांच्या छपरातून ती नळी काढली. खरंच फुटकी होती. तरी नेली. दुसऱ्या दिवशी बाबा आमच्या अंगणात आले. चिडून येतील असं मला वाटलं होतं. पण ते काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, ती डुकरं राखत नव्हती, चोर राखत नव्हती. नुसती होती. ती बी गेली." त्या दसऱ्याच्या आत ते वारले. म्हातारे होतेच. पण त्यांच्या सुनेनं त्यानंतर आमच्या विहिरीवरून पाणी नेलं नाही.

त्या वर्षी डुकरांनी ओढ्याकडचा सगळा भुईमूग खाल्ला. आमचाच नाही, लगतच्या चौघांचा. पत्र्याचे डबे वाजवून काही होईना. ज्यांच्या वावरासाठी आमची बंदूक खुंटीवरून जायची, ते आता ओसरीवर टेकत नव्हते. बायका पाणवठ्यावर मला बघून बोलायच्या थांबत. "मुसलमानणीसाठी स्वतःच्या मालकाला ठाण्यात नेलं हिनं," असं एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं. हे सगळं ह्यांच्या कानावर जात होतं. त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं, असं मला वाटायचं.

सव्वा वर्षानं ठाण्यातून कागद आला. दुनळीच्या मालकाच्या वारसाला जबाबासाठी बोलावलं आहे, तुम्हीही या. मुख्य म्हणजे त्यांनी आपाचा पत्ता शोधून काढला होता.

ठाण्याच्या आवारात लिंबाखाली ती बसली होती. मी तिला ओळखलं नाही. केस पांढरे झाले होते, आणि वयानं ती माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. तिनंच हाक मारली. ती हैदराबादला शिवणकाम करत होती, थोरलीचं लग्न झालं होतं. जबाबात तिनं सगळं कबूल केलं: बंदूक माझ्या नवऱ्याची, मीच दिली, हिचा दोष नाही. परवाना करून परत घ्यायची आहे का असं फौजदारांनी विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. "सरकारात ठेवा. न्हाई तर मोडून टाका."

बाहेर आल्यावर मी तिला भाकरी दिली. आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. हे दूर बैलांपाशी होते.

"भरलेली होती, आपा," मी म्हणाले. "मला ठावं नव्हतं."

तिचा घास हातात राहिला. "मला ठावं होतं. त्यांनी माझ्या समोर भरली. म्हणाले, कोणी दारात आलं तर दोन तरी घेऊन जाईन. म्हणून तर मी उचलली." मग म्हणाली, "तुला सांगायला पायजे होतं. तुझ्या घरात तवा लेकरं नव्हती, म्हणून सुचलं न्हाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "तू भाईंला सांगितलंस का? वाटेत तरी?"

तिनं मान आडवी हलवली. "सांगणार होते, गाडीत बसल्यावर. मागं फिरले असते त्या भीतीनं सांगितलं न्हाई. ठेसनावर पोचलो की सांगू म्हणलं."

"म्हंजे ते..."

"ते तुझ्या मालकाचंच नाव घेत होते सगळ्या रस्त्यानं. म्हणत होते, बाकी कुणी घेतली असती तर चाललं असतं."

ती ओढणीत तोंड घालून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला पण माझं लक्ष बैलांपाशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं होतं. दुपारच्या गाडीनं ती गेली. जाताना ह्यांना वाकून सलाम केला. ह्यांनी हात जोडले.

परतीच्या वाटेवर मी गाडीत मागं बसले होते. न सांगणं सोपं होतं. मेलेल्या माणसाचं मन, त्याचं आता काय करायचं? पण न सांगण्यानं आमच्या घरात काय होतं ते मी बघितलं होतं. वालूरच्या अलीकडं मी सांगितलं. जसं आपा बोलली तसंच.

त्यांनी बैल थांबवले नाहीत. कासरा तेवढा आखडला. म्हणाले, "मला ठावं हाय."

"कसं?"

"त्यानं त्या दिशी बघितलं ना माझ्याकडं. नऊ वर्सं झाली, मी तेच बघायलोय."

मग ते पुढं म्हणाले, "मी बी त्याच्या जागी तेच समजलो असतो." एवढंच. गाडी गावात शिरली तशी थोरली धावत आली आणि मागच्या बाजूनं लोंबकळली, आणि ते तिच्यावर खेकसले.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी कचेरीतून एक कागद आला. चौकशी संपली आहे, अर्जदारावर ठपका नाही, इच्छा असल्यास परवान्यासाठी नव्याने अर्ज करता येईल. मी वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः एकेक अक्षर लावत पुन्हा वाचला. तोवर ते मराठी बरंच वाचायला शिकले होते. माझ्याकडून वाचून घ्यायचं त्यांनी त्या सहीनंतर हळूहळू सोडलं होतं, ते मला लागायचं.

"करायचा का अर्ज?" मी विचारलं. "पेटी हाय. भुईमूग जातोय दरसाल."

"र्‍हाऊ दे," ते म्हणाले.

"गावाची लोकं इचारतेत."

"गावाची लोकं त्यांच्या नावानं करतील." त्यांनी कागद घडी करून टोपीत ठेवला. "ओढ्याकडच्या वावरात भुईमूग बंद करू. करडई टाकू. तिला काटे असतात, डुकरं तोंड घालीत न्हाईत."

त्या साली करडई पेरली. चौघा शेजाऱ्यांपैकी दोघांनी आमचं बघून पेरली. काढणीला हातापायांना फडकी बांधून उतरावं लागलं आणि तरी पोटऱ्यांवर ओरखडे उठले. डुकरं वावराच्या बांधापर्यंत आली, कडेकडेनं फिरली, आणि पलीकडच्या माणसाच्या ज्वारीत गेली.